तळघरातला ओढा

जमिनीची कागदपत्रं एका खात्यात आणि पाण्याची दुसऱ्यात, ही शहर नियोजनातली जुनीच घडी आहे. आमच्या संशोधन प्रकल्पाचं काम या दोन्हींची सांगड घालायचं होतं. शहराचा एक लहान पाणलोट निवडायचा, तिथे जमिनीचा वापर कसकसा बदलत गेला ते कागदोपत्री शोधायचं आणि त्या बदलांनी पाण्याचं काय झालं ते मोजायचं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतल्या ल्यूना लिओपोल्ड यांनी १९६८ सालीच जमिनीचं नियोजन करणाऱ्यांसाठी जलविज्ञान समजावून सांगणारं एक छोटं पत्रक लिहिलं होतं. इतकी वर्षं झाली तरी बांधकाम परवानगीच्या फायलीत जलशास्त्रज्ञाची सही क्वचितच सापडते. माझ्या मते या विषयातली खरी गाठ इथेच आहे.

आमच्या पाणलोटाचा जुना मोजणी नकाशा मिळाला तेव्हा त्यावर एक ओढा ठळक दिसत होता. जुना पूल, विहीर, रस्त्यांचे तिठे अशा ओळखीच्या खुणा धरून तो नकाशा आम्ही आजच्या उपग्रहचित्रावर बसवला. मधल्या काळातल्या भूवापर नकाशात ओढ्याची तुटक रेघ झाली होती. सध्याच्या विकास आराखड्यात तीही नव्हती. रेघ जिथे संपत होती तिथे दोन मजली तळघर असलेलं मोठं निवासी संकुल उभं होतं आणि त्याचा रंग आराखड्यात इतर निवासी भूखंडांसारखाच होता.

पावसाळ्यात त्या संकुलासमोरच्या रस्त्यावर पाणी भरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं गणितही सरळ आहे. पावसाचा प्रवाह काढायच्या ‘रॅशनल’ पद्धतीत पाणलोटाचं क्षेत्र, पावसाची तीव्रता आणि किती पाणी वाहून जातं याचा गुणांक एवढंच लागतं. ४० हेक्टरवर ताशी ६० मिलिमीटर पाऊस धरला आणि गुणांक ०.३ घेतला, म्हणजे मोकळी, झाडोऱ्याची जमीन, तर प्रवाह येतो सेकंदाला २ घनमीटर. त्याच जमिनीवर छपरं, फरशी, डांबर आलं की गुणांक ०.८ होतो आणि प्रवाह ५.३ वर जातो. शिवाय पाणी लवकर गोळा होतं, त्यामुळे हिशेबात धरायची पावसाची तीव्रताही वाढवावी लागते. परवानगी देताना एकेक भूखंड पाहिला जातो आणि प्रत्येकाची भर किरकोळ वाटते. गटाराला मात्र सगळ्यांची बेरीज एकदम भेटते.

ऐन उन्हाळ्यात आम्ही गेलो ते या गणितासाठी गटाराची रुंदी आणि खोली मोजायला. बरोबर माझी एक विद्यार्थिनी होती. आतापर्यंत तिनेच सगळे नकाशे जुळवले होते. चेंबरचं झाकण उघडलं आणि ती म्हणाली, “मॅडम, इथे तर पाणी वाहतंय!”

महिनोन्महिने पाऊस नव्हता. मैलापाणी असेल असं आधी वाटलं, पण वास नव्हता आणि पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं. फुटलेल्या नळाचं पाणी असण्याचीही शक्यता होती. कोरड्या ऋतूत गटारात वाहणारं पाणी कुठून येतं, हे शोधायची एक ठरलेली रीत आहे. अमोनिया आणि डिटर्जंट सापडले तर सांडपाणी, क्लोरीन सापडलं तर पुरवठ्याचं पाणी. पण क्लोरीन वाटेत उडून जातं, म्हणून ते नाही एवढ्यावर निष्कर्ष काढायचा नसतो. पाण्यातल्या क्षारांमुळे बदलणारी विद्युतवाहकता मोजायची आणि ती जवळच्या नळाच्या व विहिरीच्या पाण्याशी ताडून पाहायची. आम्ही चेंबरच्या काठावर बसून हे सगळं केलं. अमोनिया नाममात्र, डिटर्जंट नाही, आणि वाहकता नळाच्या पाण्यापेक्षा बरीच जास्त, पण जुन्या नकाशातल्या त्या विहिरीच्या पाण्याशी जवळपास जुळणारी. ती विहीर अजून शाबूत होती, हे आमचं नशीब.

म्हणजे हे भूजल होतं. पण ते अखंड वाहत नव्हतं. आम्ही तिथे असतानाच प्रवाह थांबला आणि थोड्या वेळाने एकदम लोंढा आला. ओढा असा थांबून थांबून वाहत नाही. असं वाहतं ते पंपाचं पाणी.

संकुलाच्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन आम्ही तळघरात उतरलो. खालच्या मजल्याच्या कोपऱ्यात काँक्रीटचा एक खड्डा होता, त्यात दोन पंप आणि एक तरंगता स्विच. भिंतीच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. त्याची ओली रेघ फरशीवरून थेट खड्ड्यापर्यंत गेलेली होती. तिथले पंपचालक काका वयाने मोठे, मोजून बोलणारे.

“हे कधीपासून चालू आहे, काका?”

“बिल्डिंग झाली तेव्हापासून. उन्हाळ्यात कमी, पावसाळ्यात दोन्ही पंप लागतात. बंद ठेवले तर गाड्या पाण्यात.”

“आणि पाणी सोडता कुठे?”

“ड्रेनेजला. दुसरी सोय कुठे आहे?”

विद्यार्थिनीने टॅबवर जुना नकाशा उघडून त्यांना दाखवला. ओढ्याची रेघ बरोबर त्या पाझरणाऱ्या भिंतीतून जात होती. काका बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी आपणहून आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. वरच्या आवारात नियमानुसार केलेला पुनर्भरणाचा खड्डा होता. छपराचं पावसाचं पाणी त्यात जायचं, तिथून जमिनीत, आणि त्यांच्या अनुभवाप्रमाणे जोराचा पाऊस झाला की लगेच त्याच बाजूच्या भिंतीला पाझर वाढायचा. म्हणजे एका नियमाने पाणी जमिनीत मुरवायचं, दुसऱ्या परवानगीने खोदलेल्या तळघरातून ते वीज जाळून उपसायचं, आणि शेवटी गटारात ओतायचं.

मला तिथे राग आला, तो कुणा एका माणसाचा नव्हता. प्रत्येकाने आपापला नियम पाळला होता. भूजल पातळी कुठे उथळ आहे, कुठे खोल, हे न बघता पुनर्भरणाचा एकच नियम सगळ्या शहराला लावला की असं होणारच. तळघर किती खोल न्यायचं हा प्रश्न वाहनतळाच्या हिशेबाने सुटतो, पण तो पाण्याचाही प्रश्न आहे. आणि असं स्वच्छ पाणी पुढे मैलावाहिनीत मिसळलं तर दुहेरी तोटा होतो. शुद्धीकरण केंद्राची क्षमता त्यात वाया जाते, शिवाय मैलापाणी पातळ झाल्याने तिथल्या जैविक प्रक्रियेवरही परिणाम होतो. इकडे त्याच वस्तीला पिण्याचं पाणी दूरच्या जलाशयातून उपसून आणलं जातं.

याची उत्तरं नाहीत असं मुळीच नाही. टोकियोत विहिरींच्या उपशावर निर्बंध आल्यावर खाली गेलेलं भूजल पुन्हा वर चढलं, इतकं की उएनो आणि टोकियो ही भुयारी रेल्वे स्थानकं पाण्याच्या दाबाने वर उचलली जाऊ नयेत म्हणून जमिनीत खोल अँकर ठोकावे लागले. तिथेच सोबू मार्गाच्या बोगद्यात पाझरणारं पाणी २००२ पासून वाहिनी टाकून ताचिआइ नदीत सोडलं गेलं आणि तुंबलेल्या नदीला प्रवाह मिळाला. दक्षिण कोरियाच्या सोल शहरातल्या चोंगेचोन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडून २००५ साली तो पुन्हा खुला झाला. त्यात हान नदीतून उपसून आणलेल्या पाण्याबरोबर भुयारी रेल्वे स्थानकांतून निघणारं भूजलही सोडलं जातं. दोन्हीकडे एक गोष्ट घडली: उपसलेल्या पाण्याची कुणीतरी नोंद घेतली आणि ते कुठे सोडायचं हे ठरवलं.

आमच्याकडे नोंदच नव्हती, म्हणून त्या दिवशी आम्ही ती सुरू केली. माप साधं होतं. ठाऊक असलेल्या आकारमानाचं पिंप पंपाच्या तोंडाखाली धरायचं, भरायला लागणारे सेकंद मोजायचे, पुन्हा भरायचं, सरासरी काढायची. पंप किती तास चालतो हे त्याच्या मीटरवरून कळतं. दोन्हींचा गुणाकार केला की उपसा हाती येतो. काका पिंप धरायला स्वतः पुढे आले, आणि रोज सकाळी मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवायची तयारीही त्यांनीच दाखवली.

परत आल्यावर प्रकल्पाचा प्रश्नच बदलून घेतला. आता आम्ही पुराच्या प्रवाहाबरोबर त्या पाणलोटातल्या सगळ्या खोल तळघरांची यादी करतो आहोत. बांधकाम परवानगीतून तळघराची खोली, विहिरींच्या निरीक्षणातून पाण्याची पातळी, आणि जिथे पातळी तळघराच्या तळापेक्षा उंच तिथे जाऊन पंप बघायचा. दोन्ही खात्यांना पाठवलेल्या टिपणात मागणी एकच केली आहे: भूजल पातळीच्या खाली जाणाऱ्या प्रत्येक तळघराच्या परवानगीत, उपसलेलं पाणी किती आणि कुठे सोडणार, हा रकाना सक्तीचा करा. पाणीपुरवठा खात्यातल्या एका अभियंत्यांनी ते वाचून फोन केला. त्यांना आणखी काही इमारतींमध्ये हेच दिसलं होतं, पण ते लिहायचं कुठे हे कळत नव्हतं. पुढच्या आठवड्यात ते आमच्याबरोबर येणार आहेत. सुरुवात त्यांच्या यादीतल्या इमारतींपासून करायची ठरली आहे.