उजनीच्या फुगवट्यावरचा ऑस्प्रे

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे भिगवण रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि हिवाळ्यात तिथे येणारे बहुतेक जण त्यांचे थवे पाहूनच परततात. मी मात्र कुंभारगावच्या काठावरून बोटीत बसलो, की ऑस्प्रे या मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या बैठकीच्या जागांकडे आधी न्यायला सांगतो. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यात वाळलेली झाडे आणि मासेमारीसाठी रोवलेले बांबू पाण्याबाहेर डोकावत असतात. त्यांच्या टोकावर, पांढरे डोके आणि डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला गडद तपकिरी पट्टा यांमुळे हा पक्षी दुरूनही चटकन ओळखता येतो. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत वीण आटोपून तो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आपल्याकडे येऊ लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतो.

त्याचे जवळजवळ सारे आयुष्य माशांवर चालते, म्हणून त्याची शिकार पाहणे म्हणजे त्याचे शरीर समजून घेणे होय. पाण्यावर घिरट्या घालताना मासा दिसला, की तो हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो. आमचा नावाडी स्वतः मासेमार आहे, तो अशा वेळी इंजिन बंद करून हलकेच म्हणतो, “दादा, लटकला बघा.” कधी पक्षी तसाच पुढे सरकतो, कधी अर्ध्यावर उतरून सूर मारणे सोडून देतो. पण एकदा ठरवले, की पंख मागे घेऊन तो कोसळतो आणि पाण्याला टेकण्याच्या क्षणी दोन्ही पाय थेट डोळ्यांसमोर पुढे काढतो. त्यामुळे नजर आणि नख्या एकाच रेषेत येतात. सूर सुमारे 1 मीटर खोलीपर्यंतच पोचतो, त्यामुळे खोल पाण्यातला मासा त्याच्या आवाक्याबाहेर राहतो.

दुर्बिणीतून त्याचे पाय अवश्य पाहावेत. तळव्यांवर बारीक काटेरी खवले असतात आणि बाहेरचे बोट मागे वळवता येते, म्हणजे निसटता मासा दोन बोटे पुढे व दोन मागे अशा पकडीत घट्ट धरला जातो. नाकपुड्या पाण्यात मिटतात. बाहेर पडल्यावर तो काही जोरदार फटके मारून वर उठतो, उडता उडताच अंग झटकून पाणी उडवतो आणि मग पकड बदलून माशाचे तोंड उडण्याच्या दिशेला करतो, जेणेकरून वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा. उजनीत पुष्कळदा त्याच्या पायांत चिलापी दिसते.

शिकारीनंतरचा वेळ मला अधिक मोलाचा वाटतो. तो डोक्याकडून खायला सुरुवात करतो आणि मासा मोठा असेल तर बराच वेळ त्याच बांबूवर बसून राहतो. घारी जवळ घोटाळू लागल्या, की खाणे थांबवून पंख पसरतो. नेमक्या याच वेळी छायाचित्रासाठी बोट अगदी खेटून नेणारे पाहिले, की मला मनापासून वाईट वाटते. पक्ष्याने मान ताठ केली, वारंवार आपल्याकडे पाहिले किंवा अंग चोरले, तर आपण आधीच फार जवळ गेलो आहोत असे समजावे व मागे फिरावे. अर्धवट खाल्लेला मासा घेऊन त्याला उडायला लावणे म्हणजे घारींना त्याच्या मागे लावणे होय, शिवाय मासा सुटला तर सारी मेहनत पुन्हा करायची. बोट लांब बांधून शांत बसलो, तर खाणे संपल्यावर तो पाण्यालगत उडत पाय पाण्यातून ओढत नेऊन स्वच्छ करतो, तेही पाहायला मिळते.

वय ओळखायचे असेल तर पाठ पाहावी: पहिल्या वर्षाच्या पक्ष्याच्या पाठीवरील पिसांना फिकट कडा असतात, प्रौढाची पाठ सलग तपकिरी दिसते. अशी कोवळी पिल्ले पहिल्या उन्हाळ्यात बहुधा उत्तरेला परत जात नाहीत, म्हणून रोहितांसाठीची गर्दी ओसरल्यावर मे महिन्यातही बांबूंच्या टोकांवरून एकदा दुर्बीण फिरवावी.