डकेट्स पॅसेज १:३५, अपडेट ४ : उजेड गळतोय

तर मंडळी, डकेट्स पॅसेजच्या माझ्या छोट्या मॉडेलचं (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) काम सोडून दीड महिना गायब होते त्याबद्दल सॉरी. फोमबोर्डचा (दोन कागदांमध्ये फोम असलेला पुठ्ठा) एका बाजूचा कागद सोलला की तो वळतोच, त्यात पावसाळा, पबची अख्खी दर्शनी भिंत पापडासारखी वळली आणि परत पहिल्यापासून करावी लागली. आता दोन्ही बाजूंचा कागद सोलून मागे आइस्क्रीमच्या काड्यांचा सांगाडा लावलाय, आठ दिवस झाले, हललेली नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. 'गुडनाइट स्वीटहार्ट' ही बीबीसीची १९९३ ते १९९९ मधली कॉमेडी, गॅरी स्पॅरो नावाचा टीव्ही रिपेअरवाला ईस्ट एंडमध्ये पत्ता शोधत एका बोळात शिरतो आणि बाहेर पडतो तो थेट १९४० सालच्या लंडनमध्ये. त्याला आधी वाटतं की हा कुठलातरी थीम पब आहे, सगळे जुने कपडे घालून बसलेत, काय भारी ॲक्टिंग करतायत! इकडे बायको इव्हॉन, तिकडे रॉयल ओक पबमधली फीबी, आणि हा गडी सहा सीझन दोन्हीकडे थापा मारत फिरतो. माणूस लबाड आहे हो, पण निकोलस लिंडहर्स्टचा तो चेहरा बघितला की राग येत नाही, हाच सगळा प्रॉब्लेम आहे. तर मी तो बोळ, म्हणजेच डकेट्स पॅसेज, करतेय, डावीकडे १९४०, उजवीकडे १९९३.

मापं कुठून आणली असं दोघातिघांनी विचारलं होतं. शूटिंग झालं ती गल्ली खरी आहे, बेथनल ग्रीनमधली एझ्रा स्ट्रीट, कोलंबिया रोडच्या मागे. माझा मामेभाऊ लंडनला असतो, त्याला रविवारी फुलांच्या बाजाराच्या गर्दीत पाठवून भिंतीचे समोरून सरळ फोटो काढून घेतले (तो अजून बोलून दाखवतो). मग फोटोत विटांचे थर मोजायचे. जुन्या इंग्लिश भिंतीत मसाल्यासकट चार थरांची साधारण एक फूट उंची होते, म्हणजे दाराशेजारी २६ थर दिसले की साडेसहा फूट, टेपची गरजच नाही. आपल्या स्केलला एक थर येतो २.२ मिमी आणि अख्खी वीट साडेसहा मिमी. आणि प्लीज सगळ्या विटा आडव्याच काढू नका, अशा जुन्या भिंतीत बऱ्याचदा एक वीट लांबीची, एक डोक्याची (आखूड बाजू दिसणारी) अशी आलटून पालटून असते, ते नसलं की भिंत लगेच नवी वाटते. रिफिल संपलेल्या बॉलपेनने एकेक रेघ ओढलीय, मान गेली माझी, पण दिवाळीच्या किल्ल्याला बुरूज करताना जो आनंद व्हायचा ना, तोच.

१९४० च्या खिडक्यांना काच म्हणून ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिक) आणि त्यावर मास्किंग टेपच्या केसाएवढ्या पट्ट्यांची फुली, बॉम्बच्या हादऱ्याने काचा उडू नयेत म्हणून लोक तसं चिकटवायचे. इन्स्टंट ग्लूने शीट चिकटवली आणि वाफेने सगळ्या खिडक्या पांढुरक्या झाल्या! आधी रडायला आलं, मग आठवलं की जुन्या पबच्या खालच्या काचा अशाच घासलेल्या असायच्या. तशाच ठेवल्या. वरच्या मजल्याच्या मात्र बदलल्या, या वेळी पांढऱ्या गोंदाने.

आता मुख्य रडगाणं, उजेड. १९९३ च्या बाजूला रस्त्यावरचा सोडियमचा दिवा हवाच, तो पिवळट नारिंगी उजेड म्हणजेच नव्वदचं लंडन. ३ मिमीचा नारिंगी एलईडी, ३३० ओहमचा रेझिस्टर, यूएसबी चार्जरचे ५ व्होल्ट, झालं काम. पण १९४० च्या बाजूला युद्धातला ब्लॅकआउट! १ सप्टेंबर १९३९ पासून लंडनमधले रस्त्यावरचे दिवे बंद, फुटपाथच्या कडा पांढऱ्या रंगवलेल्या, म्हणजे लोक अंधारात ठेचकाळू नयेत. हॉलमधले दिवे घालवून पहिली टेस्ट घेतली तर काय, नारिंगी उजेड फोमबोर्डच्या आरपार, पबच्या भिंतीतून, दाराच्या फटीतून, सगळीकडून १९४० मध्ये गळतोय. ब्लॅकआउटवर लक्ष ठेवणाऱ्या वॉर्डनने शिट्ट्या मारल्या असत्या. नवरा म्हणाला, "तुझा गॅरी असाच पकडला जाणार."

मधली भिंत काढली, आतून काळा ॲक्रिलिक दोन हात, त्यावर किचनमधली ॲल्युमिनियम फॉइल, परत काळा. नव्वद टक्के थांबलं. उरलेला उजेड बोळातूनच येत होता आणि तिथे भिंत घालता येत नाही, तिथूनच तर गॅरी जातो! शेवटी बोळाला मध्येच किंचित वळण दिलं, मूळ गल्लीत आहे की नाही त्याची फिकीर न करता. आता समोरून बघितलं तर दोन्ही टोकं एकदम दिसत नाहीत.

माणसं: गॅरी एमसीलचा, ५२ मिमी, लांब कोट आणि हॅट. फीबीचं काही ठरेना, कारण तिसऱ्या सीझननंतर फीबी आणि इव्हॉन दोघींच्या नट्या बदलल्या. आधीची डर्व्हला कर्वन की नंतरची एलिझाबेथ कार्लिंग? ५२ मिमीत चेहरा माझ्याच्याने होणार नाहीच, म्हणून फीबी पाठमोरी, दार पुसताना. रेग डेडमन हवालदाराचं हेल्मेट शर्टाच्या बटणाचं केलंय, जरा मोठं झालंय पण त्याला शोभतं.

आणि हो, रॉनच्या नोटा! गॅरीचा तो प्रिंटर मित्र १९४० साठी खोट्या पाच पौंडाच्या नोटा छापून देतो ना, त्या नोटा खऱ्याही पांढऱ्याच असायच्या, एकाच बाजूला काळी छपाई. त्यामुळे सोप्पं, पातळ कागदाचा पोह्याएवढा तुकडा आणि ०.०५ च्या पेनने तीन गिचमिड्या. एक गॅरीच्या हातात दिली, दुसरी फॅनच्या वाऱ्याने उडाली ती अजून सापडली नाहीये.

काल रात्री परत टेस्ट घेतली. पाच मिनिटं डोळ्यांना सवय होऊ दिली. १९४० ची बाजू काळीकुट्ट, फक्त तळाशी एक नारिंगी ठिपका, वायर घालायला पाडलेलं भोक बुजवायचं राहिलं होतं. आज एमसील आणते.