थिएटरमध्ये काका हसले तेव्हा

पार्किन्सनच्या डीबीएस शस्त्रक्रियेत, म्हणजे मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून वीज देतात त्या शस्त्रक्रियेत, ड्रिल न्यूरोसर्जनच्या हातात असतं आणि मी, न्यूरोलॉजिस्ट, स्पीकरपाशी बसते. माझं काम ऐकण्याचं. केसाहून बारीक टोकाचा इलेक्ट्रोड मेंदूत अर्धा-अर्धा मिलिमीटर खाली सरकतो. टोकाजवळच्या पेशीने विजेचा ठोका दिला की स्पीकरमध्ये ‘टक’ वाजतं.

त्या दिवशी टेबलावर असलेले काका बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले. हात थरथरतो याचं त्यांना फारसं काही नव्हतं. खुपत होती ती सही. या आजारात अक्षर बारीक होत होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढं उरतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहिलेल्या माणसाचा स्वतःचा चेक ‘सही जुळत नाही’ म्हणून परत आला होता. ‘नियमाने बरोबरच आहे त्यांचं,’ असंही वर म्हणायचे.

आदल्या रात्रीपासून लेव्होडोपाच्या, म्हणजे या आजारावरच्या नेहमीच्या, गोळ्या बंद. सकाळी कुशीवर वळायलाही दोघांची मदत लागली. डोक्याला चार स्क्रूंनी फ्रेम बसवलेली, कातडीला भूल, आणि काका पूर्ण जागे. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही, म्हणून हे जमतं.

आता आम्ही नेमकं काय ऐकायला निघालो होतो ते सांगते. मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा आहे. तिथल्या पेशींचे तंतू वर स्ट्रायटम या भागात जातात आणि डोपामाइन हे रसायन सोडतात. स्ट्रायटममधल्या काही पेशींना डोपामाइन चेतवतं, काहींना गप्प करतं. पार्किन्सनमध्ये डोपामाइन आटलं की ज्यांनी गप्प बसायचं त्या पेशी बोलायला लागतात. त्या गाबा हे रसायन सोडून बाह्य पॅलिडम या शेजारच्या भागाला दाबतात. बाह्य पॅलिडमचं काम सबथॅलॅमिक न्यूक्लियस या पेशींच्या छोट्या पुंजक्यावर गाबाचाच लगाम ठेवायचं. लगाम सुटला की सबथॅलॅमिकच्या पेशी मोकाट ठोके देतात, आतल्या पॅलिडमवर ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन ओततात, आणि आतलं पॅलिडम हालचालींचे निरोप पुढे धाडणाऱ्या थॅलॅमसला दाबून टाकतं. माणसाला उठावंसं वाटतं, पण उठवत नाही.

ही आकृती परीक्षेत काढायला छान आहे, तिच्यावर पूर्ण भरवसा मात्र ठेवू नये. नुसत्या ठोक्यांच्या संख्येवर सगळं असतं तर आतलं पॅलिडम जाळल्यावर माणसाच्या हालचाली अनावर व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात गोळ्यांमुळे होणाऱ्या वेड्यावाकड्या हालचाली त्याने कमीच होतात. ठोके किती, याइतकंच ते कुठल्या लयीत आणि किती एकसाथ पडतात यालाही महत्त्व आहे. तरी १९९० मध्ये बर्गमन, विचमन आणि डीलाँग यांनी पार्किन्सनसारखी लक्षणं आणलेल्या माकडांचं सबथॅलॅमिक रसायन टोचून निकामी केलं आणि गोठलेली माकडं हलू लागली, हे खरंच. पुढे ग्रेनोबलच्या बेनाबीद यांनी ते निकामी करण्याऐवजी माणसांमध्ये तिथे वीज दिली.

या सगळ्याच्या मुळाशी आपली सर्पगंधा आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तिच्या मुळातलं रिसर्पीन पेशींमधला डोपामाइनचा साठा रिकामा करतं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचलं, ससे कान पाडून निपचित पडले. मग ज्यापासून शरीरात डोपामाइन बनतं ते लेव्होडोपा टोचलं आणि ते उठले. हे १९५७ चं काम. नोबेल मिळायला २००० उजाडलं.

तर इलेक्ट्रोड खाली निघाला. थॅलॅमसमध्ये तुरळक टकटक. मग शांतता, नुसती खरखर. आणि अचानक तेलात मोहरी पडल्यासारखी तडतड. आवाज एवढा वाढला की सर्जनने मान वर केली. सबथॅलॅमिक लागलं होतं. एका जागी तर एक पेशी सेकंदाला पाचच्या लयीत झुबके देत होती, उजवा हात थरथरत होता त्याच लयीत. सहकाऱ्याने काकांचं मनगट धरून फिरवलं तेव्हा तिची लय बदलली.

मला दर वेळी नवल वाटतं ते या पेशींचं. त्या धडधाकट असतात, आजार त्यांचा नसतोच. दुसरीकडचं एक रसायन आटलंय आणि त्याचा बोभाटा इथे ऐकू येतोय.

साडेपाच मिलिमीटर तडतड ऐकल्यावर पुन्हा शांत पट्टा आणि खाली सबस्टॅन्शिया नायग्राच्या दुसऱ्या भागाची भराभर, एकसुरी टकटक. जागा पक्की झाली. चार काँटॅक्टचा, म्हणजे वीज सोडणाऱ्या चार कड्यांचा, कायमचा इलेक्ट्रोड बसवला. वरच्या काँटॅक्टवर सेकंदाला १३० स्पंदनं सुरू केली आणि मनगटाचा ताठरपणा माझ्या हातातच विरला. बोटं भराभर उघडू-मिटू लागली.

मग सर्वांत खालचा काँटॅक्ट. तिथे आम्ही दुष्परिणाम बघायला प्रवाह मुद्दाम वाढवतो: तोंड ओढलं जातं का, एकाचे दोन दिसतात का. तीन मिलिअँपिअरला काका हसले. आधी ओठांत, मग खदखदून.

‘काय झालं काका?’

‘काही नाही हो मॅडम, तुम्ही सगळे हिरवे झगे घालून असे उभे आहात, जसं काही कॅशमध्ये दहा लाखांची तूट आलीय.’

भूलतज्ज्ञही हसू लागले. मी खूण केली, प्रवाह बंद झाला. काही सेकंदांत चेहरा पूर्वीसारखा कोरा. काकांना न सांगता पुन्हा सुरू केला, पुन्हा हसू. या वेळी कारण माझा चष्मा होता.

सबथॅलॅमिकचं आतल्या-खालच्या अंगाचं टोक भावनांच्या जाळ्याशी जोडलेलं आहे आणि हालचालींचा भाग त्याला लागूनच. १९९९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी याच्या उलट प्रसंग छापला होता: सर्वांत खालच्या काँटॅक्टवर, सबस्टॅन्शिया नायग्राजवळ, वीज देताच एक बाई ‘जगायचं नाही’ म्हणत रडू लागली आणि वीज बंद होताच दोनेक मिनिटांच्या आत पूर्ववत झाली. हे मी वाचलेलं होतंच. तरी काकांनी दोन्ही वेळा हसण्याला कारण शोधून दिलं, आणि ते कारण त्यांना मनापासून पटलेलं होतं, हे डोक्यातून लवकर गेलं नाही.

मेंदूची दुसरी बाजू सुरळीत झाली. पुढे गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी बसवली, काही आठवड्यांनी वरच्या काँटॅक्टवर मशीन सुरू केलं, गोळ्या हळूहळू निम्म्यावर आल्या. सही मोठी झाली; बँकेत नवीन नमुना दिला. आवाज मात्र खोलच राहिला, त्याला या विजेचा फारसा उपयोग होत नाही.

एका तपासणीला काकू थोडं मागे थांबल्या. ‘मॅडम, तो खालचा काँटॅक्ट संध्याकाळपुरता चालू ठेवता येईल का? लग्नापासून एवढे हसलेले नाहीत हे.’

मी नाही म्हटलं. तिथल्या प्रवाहाने माणूस नुसता हसत नाही. कधी झोप उडते, तर कधी पैसा उधळला जातो. ‘पैसा?’ काकू म्हणाल्या, ‘मग राहू द्या बंदच.’