फ्रान्समध्ये लग्नाचा वाढदिवस: जेवण ठरतं ते दोन आठवडे आधीच्या पत्रात

आई-बाबा मुलांकडे फ्रान्सला आले आणि लग्नाचा वाढदिवस त्याच मुक्कामात आला, की त्यांना मिशेलिन या मार्गदर्शिकेचा तारा मिळालेल्या एखाद्या रेस्टॉरंटात न्यावं असं मुलांना वाटतंच. जरूर न्यावं. पण मंडळी शाकाहारी असतील, तर त्या दिवसाचं बरंवाईट टेबलावर बसल्यावर ठरत नाही. ते बुकिंग केल्यानंतर पाठवलेल्या पत्रात ठरतं.

कारण तिथल्या स्वयंपाकघरात आहे. आपल्याकडे अचानक पाहुणा आला तर अर्ध्या तासात पिठलं-भात होतो. फ्रेंच स्वयंपाकघर आदल्या दिवसापासून चाललेलं असतं. बऱ्याच सॉसचा पाया म्हणजे वासराच्या भाजलेल्या हाडांचा अर्क, त्याला ‘फाँ द व्हो’ म्हणतात. तो आठ-दहा तास मंद आचेवर उकळतो, गाळतात आणि आटवतात. भाज्या पुष्कळदा कोंबडीच्या अर्कात शिजतात, बटाटे बदकाच्या चरबीत परततात. टेबलावर बसून ‘आम्ही शाकाहारी आहोत’ असं सांगितलं, तर आचारी एवढंच करू शकतो: मांस काढून बाजूची सजावट वाढायची. मग शंभर-दीडशे युरो मोजून चार थाळ्यांत (तिथे एक थाळी म्हणजे एका पदार्थाची एक फेरी) गाजर, बटाटा आणि पुन्हा गाजर येतं. यात रेस्टॉरंटचा दोष नसतो. दहा-पंधरा दिवस आधी कळवलं, तर तोच आचारी बीट मिठाच्या कवचात भाजतो, कांद्याचा अर्क वेगळा काढतो, शाकाहारी माणसासाठी आठ थाळ्या नव्याने आखतो.

पत्रात नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. फ्रान्समध्ये या शब्दात अंडं धरलेलं असतं, आणि मासे चालतील असं समजणारेही भेटतात. म्हणून प्रत्येक माणसासाठी वेगळी ओळ लिहावी. उदाहरणार्थ: ‘पाहुणी क्रमांक १: मांस, कोंबडी, मासे, कोळंबी-शिंपले नको. मांसाचा किंवा माशांचा अर्क नको, जिलेटिन नको. दूध, लोणी, साय चालेल. अंडं केकमध्ये चालेल, नुसतं नको.’ ही शेवटची ओळ आपल्या घरांत फार महत्त्वाची. पुष्कळ जणांना केकमधलं अंडं चालतं, पण मऊ उकडलेलं, पिवळा बलक वाहणारं अंडं समोर आलं की घास अडकतो. आणि तिथल्या शाकाहारी मेनूत हे अंडं हमखास असतं. ‘अंडं चालतं’ एवढंच लिहिलं, तर तेच येणार. बाबा मासे खात असतील आणि आई नसेल, तर तेही असंच दोन ओळींत. पत्र इंग्रजीत चालतं. उत्तर आलं नाही तर ते पोचलं नाही असंच समजावं, आणि दोन दिवस आधी फोन करून खात्री करावी. बुकिंगच्या ॲपमधल्या शेरा लिहायच्या चौकटीवर विसंबू नये. ती चौकट स्वयंपाकघरापर्यंत पोचेलच असं नाही.

इथे एक गैरसमज सर्रास होतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार रेस्टॉरंटला ॲलर्जी आणणाऱ्या १४ पदार्थांची माहिती द्यावी लागते, आणि ती यादी पाहून लोक निर्धास्त होतात. त्या यादीत मासे, अंडी, दूध, कवचवाले जलचर, सेलेरी, मोहरी, तीळ आहेत. पण मांस नाही, मांसाचा अर्क नाही, जिलेटिनही नाही. एखादं सूप चौदाच्या चौदा चौकटींत निर्दोष असून कोंबडीच्या अर्कात केलेलं असू शकतं. यादी ॲलर्जीसाठी आहे, शाकाहारासाठी नाही.

जिलेटिन म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून काढलेलं, पदार्थ घट्ट करणारं द्रव्य. त्याची गाठ गोडाशी पडते. मूस, बाव्हारवा, पान्ना कोत्ता, केकवरचा आरशासारखा चकचकीत थर, या सगळ्यांत ते असू शकतं. कॉफीबरोबर चिमुकल्या गोड पदार्थांची एक थाळी येते, तिला ‘मिन्यार्दीज’ म्हणतात. तिच्यातली ‘गिमोव्ह’ म्हणजे मार्शमॅलो, यात जिलेटिन असतं. शेजारचं फळाचं चौकोनी ‘पात द फ्र्वी’ फळांतल्या पेक्टिनने घट्ट होतं, ते निर्धास्त खावं. पर्याय स्वयंपाकघरात असतोच: अगर-अगर, म्हणजे आपला चायना ग्रास. फक्त तो आधी सांगितल्यावर वापरला जातो, कारण मूस सकाळीच लावून ठेवलेला असतो. चीजचंही तसंच. कोंते आणि पार्मेजान या दोन्हींत दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. ज्यांना ते नको आहे त्यांनी तसं लिहावं, आणि चीजची ढकलगाडी टेबलापाशी आली की नुसतं बोट दाखवण्याऐवजी विचारावं. ज्यांना चालतं त्यांनी चार-पाच छोटे तुकडे घ्यावेत, सौम्य आधी, निळ्या बुरशीचं सगळ्यांत शेवटी. उलट क्रमाने खाल्लं तर सौम्य चीजची चवच लागत नाही.

दारू न घेणाऱ्यांनी आणखी एक ओळ घालावी. ‘बर ब्लां’ या सॉसची सुरुवातच पांढरी वाइन आणि एशालोत नावाचा छोटा कांदा आटवून होते. ‘बाबा’ नावाचा केक तर रममध्ये भिजवलेला असतो. शिजवल्यावर दारूचा अंश कमी होतो, पूर्ण जात नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र खरं सांगायला हवं: एशालोत फ्रेंच सॉसमध्ये पावलोपावली असतो. अशा वेळी मोठ्या टेस्टिंग मेनूऐवजी, म्हणजे छोट्या छोट्या बऱ्याच थाळ्यांच्या ठरावीक जेवणाऐवजी, तीन थाळ्यांचं जेवण आणि महिनाभर आधीचा पत्रव्यवहार हाच मार्ग बरा. तारीख ठरवताना कालनिर्णयही उघडावं. एकादशी किंवा संकष्टी निघाली, तर जेवण एक दिवस पुढे नेणं सोपं. उपासाचं त्या स्वयंपाकघराला समजावणं अवघड.

प्रसंग सांगतानाही काळजी घ्यावी. मराठीत वाढदिवस माणसाचाही असतो आणि लग्नाचाही, तसंच फ्रेंचमध्ये ‘आनिव्हर्सेर’चं आहे. नुसतं तेवढंच लिहिलं, तर गोडाच्या थाळीवर एकाच माणसाला जन्मदिवसाच्या शुभेच्छा येतात, मेणबत्तीसकट. ‘आनिव्हर्सेर द मारियाज’ लिहावं, पुढे वर्षं आणि दोघांची नावं स्पष्ट अक्षरांत. २५व्या वर्षाला ते चांदीचं लग्न म्हणतात, ४०व्याला पाचूचं, ५०व्याला सोन्याचं. तो शब्द पत्रात घातला की वाढणाऱ्या मंडळींनाही प्रसंगाचं मोल कळतं. बाहेरून केक नेण्याचा विचार सोडावा, बहुतेक ठिकाणी तो आत घेत नाहीत.

आता जागा कशी निवडायची. मिशेलिन ही टायरची कंपनी. मोटारवाल्यांसाठी तिने १९०० मध्ये मार्गदर्शिका काढली, १९२६ मध्ये तारे सुरू झाले आणि १९३१ मध्ये दुसरा-तिसरा तारा आला. एक तारा म्हणजे वाटेत थांबावं असं जेवण, दोन म्हणजे वाट वाकडी करावी असं, तीन म्हणजे त्यासाठीच प्रवास करावा असं. तारा ताटातल्या अन्नाला मिळतो. झुंबर, गालिचा, खुर्चीची गादी यांचा त्याच्याशी संबंध नाही. एक तारा असलेल्या कितीतरी जागा वीस-पंचवीस खुर्च्यांच्या, उंच स्टुलांच्या, दुसऱ्या मजल्यावर विनालिफ्टच्या असतात. गुडघेदुखी असलेल्या आईसाठी जिना आणि खुर्ची यांची चौकशी ताऱ्यांच्या आधी करावी. मेनूही नीट बघावा: शाकाहारी मेनू छापलेला आहे की नुसतं ‘विनंतीवरून’ आहे, यात फार फरक. भाज्यांना मान देणारे आचारी तिथे आहेत. पॅरिसच्या ‘आर्पेज’मध्ये आलाँ पासार यांनी २००१ मध्ये तांबडं मांस मेनूतून काढलं, आणि २०२५ मध्ये मध सोडून सगळेच प्राणिजन्य पदार्थ. त्या रेस्टॉरंटला १९९६ पासून तीन तारे आहेत. तिथला खर्च सगळ्यांना झेपणारा नाही, पण शाकाहाराकडे बघण्याची तिथल्या आचाऱ्यांची नजर अशाच लोकांमुळे बदलली आहे.

खर्चाचा उत्तम उपाय म्हणजे दुपार. तेच स्वयंपाकघर, तोच आचारी, पण दुपारचं तीन-चार थाळ्यांचं ठरावीक जेवण रात्रीच्या टेस्टिंग मेनूच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. एक तारा असलेल्या ठिकाणी दुपारचं जेवण माणशी ७० युरोचं धरलं, तर दोघांचे १४०, पाण्याची बाटली ८, दोन कॉफी १२, असे १६० युरो. तेच रात्री माणशी १५० चं टेस्टिंग, सुरुवातीला शॅम्पेनचे दोन ग्लास ४४, दोघांना प्रत्येक थाळीबरोबरची वाइन १६०, पाणी-कॉफी २०, की बेरीज ५२४ वर जाते. अर्ध्याहून थोडाच जास्त भाग जेवणाचा, बाकी पेयांचा. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवावी: बसल्या बसल्या शॅम्पेनची ढकलगाडी येते आणि हसून ‘एक ग्लास?’ असं विचारलं जातं, ते स्वागत फुकट नसतं. त्याबरोबर येणारे दोन-तीन चिमुकले घास, ‘आम्यूज-बूश’, मात्र मेनूच्या किमतीतच असतात. पाणी विचारलं की ‘काराफ’ म्हणावं, नळाचं पाणी मोफत मिळतं. तो कायदा आहे, संकोच नको.

पॅरिसमधली बरीच नावाजलेली रेस्टॉरंटं शनिवार-रविवारी बंद असतात आणि ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे कुलूप लावतात. (श्रावण पुष्कळदा तेव्हाच असतो, त्यामुळे फार चुकल्यासारखं होत नाही.) बुकिंगला कार्डाचा नंबर मागतात, न कळवता गैरहजर राहिलं किंवा ठरलेल्या मुदतीनंतर, सहसा ४८ तासांच्या आत, रद्द केलं तर माणशी ठरावीक रक्कम कापली जाते. भारतातलं कार्ड देत असाल तर त्यावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना हे बघावं, आणि ओटीपी ज्या सिमवर येतो तो फोन हाताशी ठेवावा. इथे अडकलं तर टेबल दुसऱ्याला जातं.

मधुमेह असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचावा. रात्री आठला बसलं, तर मुख्य पदार्थ साडेनऊला येऊ शकतो आणि जेवण साडेतीन तास चालतं. घरच्यासारखं जेवणाआधी अर्धा तास इन्सुलिन घेतलं आणि समोर दोन घासांचा आम्यूज-बूश आला, तर साखर उतरते. गोळी-इन्सुलिनची वेळ डॉक्टरांना आधी विचारून ठेवावी, आणि बसताच पाव मागून घ्यावा. बाकीच्यांनी मात्र पावावर ताव मारू नये. तो फार चांगला असतो, लोणीही, आणि म्हणूनच पाचव्या थाळीला पोट भरलेलं असतं.

टेबलावरचे नियम थोडेच आहेत. ‘कार्त’ म्हणजे पदार्थांची यादी, आणि ‘मेन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण. ‘आँत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य नव्हे. टेस्टिंग मेनू बहुधा सगळ्या टेबलाने मिळून घ्यायचा असतो, कारण थाळ्या एकाच वेळी येतात. काटे-चमचे बाहेरून आत वापरायचे. सुरी आणि काटा शेजारी-शेजारी समांतर ठेवले की ‘झालं’ असा अर्थ होतो. तिरके ठेवले तर थाळी उचलत नाहीत, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढची येत नाही. बऱ्याच वेळा ‘किती उशीर लावतात’ ही तक्रार या तिरक्या काट्याचीच असते. वाइन घेतली तर थोडीशी ओतून चाखायला देतात, ती आवडली का हे विचारायला नव्हे, तर बुचामुळे बिघडली नाही ना हे पाहायला. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर सांगावं, बाटली बदलून मिळते. एखादा पदार्थ आवडला नाही तर तसंच सांगावं, शांतपणे. अर्धी थाळी परत गेली की कारण विचारायला कुणीतरी येतंच. वाढताना मांसाचा संशय आला, तर खाण्याआधी विचारावं. नंतर विचारून कुणाचंच समाधान होत नाही.

पैठणी नेसावी. ती तिथे शोभते, आणि कोट काढून ठेवायला दाराशी सोय असते. पुरुषांनी अर्धी चड्डी आणि खेळायचे बूट टाळले की पुरे, कोटाची सक्ती थोड्याच ठिकाणी उरली आहे.

बिल मागितल्याशिवाय येत नाही, त्याला ताटकळवणं समजू नये. ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ म्हणावं. कर आणि सेवेचे पैसे छापील किमतीतच असतात, टिप ऐच्छिक. मन भरून आलं असेल तर दहा-वीस युरो रोख ठेवावेत. पॅरिसची शेवटची मेट्रो एरवी सव्वा वाजेपर्यंत, शुक्रवार-शनिवारी सव्वादोनपर्यंत चालते. पण साडेतीन तास बसलेल्या आई-बाबांना जिने चढायला लावण्यापेक्षा, कॉफी आली की टॅक्सी बोलवायला सांगावं, रेस्टॉरंटवाले फोन करून देतात.