धिंड निघाली, ओळख परेड गेली

पेठेत कोयता नाचवणाऱ्याला पोलिसांनी हात बांधून त्याच गल्लीतून फिरवलं, त्याची धिंड काढली की लोक गॅलरीत येतात, मोबाइल निघतात आणि "बरा माज उतरवला" म्हणतात. दहशतीत दिवस काढलेल्या गल्लीचा तो राग खराच आहे. पण त्या व्हिडिओचा उपयोग पुढे होतो तो आरोपीच्या वकिलाला.

साक्षीदार आरोपीला आधीपासून ओळखत नसेल तर ओळख परेड लागते, म्हणजे रांगेत उभ्या माणसांतून त्यानं आरोपीला ओळखून दाखवायचं. आरोपी न्यायालयीन कोठडीत असला की ती कोल्हापुरात कळंबा जेलमध्ये होते, तहसीलदार किंवा नायब तहसीलदार घेतात. एका संशयितामागे साधारण त्याच वयाचे, त्याच अंगलटीचे, गुन्ह्याशी संबंध नसलेले किमान सहा डमी. रांगेत कुठं उभं राहायचं ते आरोपी ठरवतो. पोलिसांनी तिथं थांबायचं नाही. अटकेपासून तोवर चेहरा झाकलेला हवा आणि तशी नोंद स्टेशन डायरीत हवी. रील फिरलं की ही सगळी मेहनत वाया. उलटतपासात एकच प्रश्न पुरतो: "परेडच्या आधी मोबाइलवर यांना बघितलं होतं ना?" प्रामाणिक साक्षीदार "हो" म्हणतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये सहा शिक्षा आहेत, त्यात धिंड नाही. फटक्यांची शिक्षा १९५५ मध्ये गेली. जाहीर फाशी सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्ये घटनाबाह्य ठरवली. अटक आणि तपासाचे नियम सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) प्रमाणे बेड्या घालता येतात, पण ठरावीक गुन्ह्यांत, अटक करताना किंवा कोर्टात नेताना. कागदावर धिंडीला "घटनास्थळ पंचनामा" म्हणतात. पंचनाम्याला पंच लागतात, गर्दी लागत नाही.

आणि हे कोल्हापुरात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. गुन्हेगार ठरवलेल्या जातींच्या माणसांना गुन्हा नसताना रोज हजेरी द्यायला लावायची पद्धत शाहू महाराजांनी १९१८ मध्येच बंद केली होती.

धिंड निघालीच असेल तर आरोपीनं पुढच्या रिमांडला, म्हणजे कोठडीसाठी कोर्टात उभं करतात तेव्हा, बोलावं. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" आरोपी मागं उभ्या हवालदाराकडे बघतो आणि "नाही" म्हणतो. तेच कागदावर उतरतं, नंतर पुसता येत नाही. घरच्यांनी ज्यानं व्हिडिओ काढला त्याच्याच मोबाइलमधली मूळ फाइल जपावी. फॉरवर्ड झालेल्या कॉपीवर लगेच हरकत येते. दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज आपोआप पुसलं जातं, ते त्याच दिवशी लेखी मागावं. मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत जावं लागतं. मुलगा अठराच्या आतला असेल तर व्हिडिओ पुढे पाठवूच नका: त्याची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.