शब्बाथाला पहिल्यांदा येताय?

आजचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, आटोपला. पुढच्या शनिवारी नवीन माणसं येतील, म्हणून लिहून ठेवतोय. तोराह (बायबलची पहिली पाच पुस्तकं) पाळणारा छोटा गट बहुधा कुणाच्या तरी घरीच जमतो. तोराहचे ५४ भाग वर्षभरात वाचून होतात. त्या आठवड्याचा भाग आधी नजरेखालून घाला, नाहीतर चर्चा डोक्यावरून जाते. ‘शेमा’ला (‘हे इस्राएला, ऐक’ ही हिब्रू प्रार्थना) सगळे उभे राहिले की उभे राहा, हिब्रू येत नसेल तर नुसतं ऐकलंत तरी चालतं. कमरेला लोंबणारे, निळा दोरा असलेले गोंडे म्हणजे त्झित्झित. बिनधास्त विचारा.

गोची होते ती जेवणात. डुक्कर, कोळंबी नको (तोराहमधल्या लेवीय पुस्तकाचा ११वा अध्याय), हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण गोडातलं जिलेटिन? ते बऱ्याचदा डुकराचंच असतं! विकतचं काही आणलंत तर पाकीट फेकू नका, म्हणजे आत काय काय आहे ते वाचून बघता येतं.