हरवणारे ६४ बाइट : नॅकचा थांबा आणि डेटा टॉगल

मी उभारत असलेल्या यूएसबी होस्ट ड्रायव्हरने, म्हणजे मायक्रोकंट्रोलरला पेन ड्राइव्ह वापरू देणाऱ्या प्रोग्रामने, पेन ड्राइव्हवरून एक सेक्टर (५१२ बाइटांचा तुकडा) मागितला की कधी कधी ५१२ऐवजी ४६१ बाइट हाती येतात आणि त्यानंतर ड्रायव्हर कायमचा अडकून पडतो, हा मागच्या नोंदीत अर्धवट राहिलेला प्रश्न अखेर सुटला आहे. सुटला म्हणजे केवळ लक्षण दिसेनासे झाले असे नव्हे; कारण हाताशी लागले असून ते मुद्दाम घडवून आणता येते आणि मुद्दाम थांबवताही येते. या एका प्रश्नाने हबचे आणि कीबोर्डचे सगळे काम अडवून ठेवले होते, म्हणून आजची नोंद बहुतांशी त्याच्याविषयीच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात पूर्वपीठिका सांगतो. बोर्ड तोच, एसटीएम३२एफ४०७ डिस्कव्हरी हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड; कोअर, म्हणजे चिपमधला यूएसबीचा भाग, ओटीजी-एफएस : आठ होस्ट चॅनल (एकेका संवादासाठीची जागा), ३२० शब्दांची फिफो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची रांग, आणि डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता माहिती मेमरीत नेण्याची सोय, नाही. दिंडोरी तालुक्यातील मामांच्या द्राक्षबागेत पानांवरचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा लॉगर बसवायचा आहे. डावणी आणि भुरीच्या फवारण्या ठरवताना त्या आकड्यांचा उपयोग होतो, आणि मामांना पेन ड्राइव्ह काढून घरच्या संगणकावर फाइल उघडणे हेच सर्वांत सोयीचे आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आधी हे यंत्र बागेत उभे राहिले पाहिजे.

डीएमए नसल्यामुळे पेन ड्राइव्हचा प्रत्येक नॅक, म्हणजे ‘अजून माहिती तयार नाही’ हे उत्तर, थेट प्रोसेसरच्या दारात येतो. फुल-स्पीडवर इन टोकन (होस्टने माहिती मागण्याचे पॅकेट) ३५ बिटांचे आणि नॅक १९ बिटांचा. १२ मेगाबिटच्या वेगाने, मधले अंतर धरून, एका फेरीला पाच मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. ड्राइव्ह आतली फ्लॅश चाळत एक मिलिसेकंद जरी बसून राहिला, तरी तेवढ्या वेळात शंभराहून अधिक इंटरप्ट (प्रोसेसरला हातचे काम थांबवायला लावणारे इशारे) येतात आणि सेन्सर वाचणाऱ्या कामाला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. त्यावर मी केलेली व्यवस्था मागे सांगितलीच आहे : काही नॅकपर्यंत चॅनल तत्काळ पुन्हा चालू करायचा आणि मर्यादा ओलांडली की एसओएफच्या, म्हणजे दर मिलिसेकंदाला नवी फ्रेम सुरू होताना येणाऱ्या, इंटरप्टमध्ये तो थांबवून पुढच्या फ्रेमपर्यंत बाजूला ठेवायचा. सेन्सरचे काम सुरळीत झाले, पण त्याच दिवसापासून ४६१ बाइटांचे हे दुखणे मागे लागले.

पहिला खरा धागा सापडला तो बफरच्या डंपमध्ये. बूट सेक्टर वाचत असल्यामुळे ५१० आणि ५११ या जागांवर ५५ एए हे बाइट असलेच पाहिजेत. बिघडलेल्या वाचनात ते ४४६ आणि ४४७ या जागांवर होते, आणि त्यांना अगदी चिकटून, ४४८व्या जागेपासून, ५५ ५३ ४२ ५३ असे चार बाइट होते. ही अक्षरे म्हणजे यूएसबीएस, सीएसडब्ल्यूची, म्हणजे प्रत्येक आदेशाअखेर ड्राइव्ह पाठवतो त्या स्थितीच्या पॅकेटची, सही! म्हणजे ड्राइव्हने आपले काम चोख केले होते : ६४ बाइटांची आठ पॅकेट माहिती पाठवली आणि पाठोपाठ १३ बाइटांचा सीएसडब्ल्यूही पाठवला. आपल्या बाजूला मात्र मधले एक पॅकेट गळाले, सात पॅकेटांचे ४४८ बाइट झाले आणि सीएसडब्ल्यू आठवे पॅकेट म्हणून माहितीच्याच बफरमध्ये येऊन बसला. पुढे ड्रायव्हर सीएसडब्ल्यूची वाट पाहत राहतो, ड्राइव्ह नव्या सीबीडब्ल्यूची (आदेशाच्या पॅकेटची) वाट पाहत नॅक देत राहतो, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असल्यामुळे कोणीच चूक नोंदवत नाही.

पॅकेट नेमके कुठे गळते हे पाहण्यासाठी स्वस्तातला २४ मेगाहर्ट्झचा लॉजिक ॲनालायझर उपयोगाचा नाही, हे स्पष्टपणे सांगून ठेवतो. बारा मेगाबिटच्या तारेवर त्यातून बिटामागे दोनच नमुने मिळतात, आणि पल्सव्ह्यू या प्रोग्रामचा डीकोडर त्यावर जे काही दाखवतो त्यावर विश्वास ठेवून रात्री वाया घालवू नयेत. लो-स्पीड कीबोर्डसाठी किंवा जीपीआयओच्या (साध्या पिनांवरच्या) खुणा पाहण्यासाठी तो उत्तम आहे. खरा यूएसबी प्रोटोकॉल ॲनालायझर माझ्या खिशाला परवडणारा नाही, म्हणून चिपमध्येच एक मागोवा ठेवला : जीआरएक्सएसटीएसपी या रजिस्टरमधून (फिफोतल्या पुढच्या नोंदीची स्थिती तिथे मिळते) काढलेला प्रत्येक शब्द आणि त्याच क्षणीचा प्रोसेसरमधल्या डीडब्ल्यूटीचा सायकल काउंटर, अशी आठ बाइटांची जोडी सीसीएम या वेगळ्या रॅममध्ये लिहीत जायचे. सीसीएमची ६४ किलोबाइट जागा डीएमएला पोहोचत नाही म्हणून एरवी रिकामीच राहते. इथे तिच्यात ८,१९२ नोंदी मावतात. १६८ मेगाहर्ट्झवर सायकल काउंटर साधारण साडेपंचवीस सेकंदांनी शून्यावर येतो, आणि एका सेक्टरच्या हिशेबात तो अवकाश भरपूर आहे. ओपनओसीडी आणि जीडीबी या डीबगिंगच्या साधनांनी ती जागा बाहेर काढून एका छोट्या पायथन स्क्रिप्टने उलगडली. माझ्या मते, कुठल्याही विकतच्या साधनापेक्षा ही सोय प्रत्येकाने आपल्या ड्रायव्हरमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवावी.

त्या मागोव्यात बिघाडाची जागा प्रत्येक वेळी एकसारखीच दिसली. आधी डेटा आल्याची ००१० ही स्थिती, ६४ बाइट, डेटा० (लागोपाठच्या पॅकेटांवर आलटून पालटून डेटा० आणि डेटा१ अशी खूण असते; हाच डेटा टॉगल). लगेच चॅनल थांबल्याची ०१११. मग पुढच्या फ्रेममध्ये चॅनल चालू झाल्यावर ०१०१, म्हणजे डेटा टॉगलची चूक. आणि त्यानंतर पुन्हा ००१०, जणू काही झालेच नाही. पहिल्या दोन नोंदींमधले अंतर इतके कमी होते की अर्थ लगेच उलगडला. एसओएफ इंटरप्ट चॅनलला थांब म्हणतो त्याच वेळी शेवटचे इन टोकन तारेवर गेलेले असते, आणि या खेपेला ड्राइव्ह नॅकऐवजी माहिती देतो. कोअर ती स्वीकारून अ‍ॅक म्हणजे पोच देतो, फिफोत टाकतो आणि मग थांबल्याची नोंद तिच्या मागे ठेवतो. ज्या तयार सांगाड्यावर मी हा ड्रायव्हर उभारला आहे, त्यात टॉगलची प्रत रॅममध्ये ठेवलेली असून ती अ‍ॅक बिट पाहून पालटली जाते. थांबण्याच्या वाटेवर मात्र एचसीइंट हे चॅनलच्या इंटरप्टचे रजिस्टर एकदम साफ होते आणि अ‍ॅक बिट त्यातच पुसला जातो. माहिती बफरमध्ये पोहोचते, टॉगल मात्र मागेच राहतो. पुढचे पॅकेट डेटा१ घेऊन येते, होस्ट डेटा०ची अपेक्षा करत असतो, म्हणून यूएसबीच्या नियमाप्रमाणे ते जुन्याची पुनरावृत्ती समजून अ‍ॅक देऊन टाकून दिले जाते. त्यानंतर दोन्ही बाजूंचे टॉगल आपोआप जुळतात आणि गळतीचा मागमूसही उरत नाही.

मला सर्वाधिक समाधान यानंतरच्या गोष्टीने दिले. कधी कधी ५१२ बाइट पूर्ण येऊन सीएसडब्ल्यूच गायब होतो, हा मी वेगळा दोष समजून स्वतंत्र टिपून ठेवला होता. तोही हाच आहे : थांबा आणि माहिती यांची गाठ शेवटच्या पॅकेटवर पडली की टाकून दिले जाणारे पुढचे पॅकेट सीएसडब्ल्यू असते. एका कारणाने दोन्ही लक्षणे निकालात निघाली.

उपाय लहान आहे. चॅनल थांबल्याची नोंद फिफोतून काढल्यावरच सीएचएच (चॅनल थांबल्याचा) इंटरप्ट येतो, त्यामुळे तोपर्यंत आधीची सगळी माहिती वाचून झालेली असते; त्या क्षणी टॉगल रॅममधून न घेता एचसीटीसिझ या चॅनलच्या रजिस्टरातल्या डीपीआयडी बिटांमधून घ्यायचा. कोअर ते बिट स्वतः अद्ययावत ठेवतो, आणि लिनक्समधला याच जातीच्या कोअरचा डीडब्ल्यूसी२ ड्रायव्हरही टॉगल तिथूनच जपून ठेवतो. इथे एक सावधगिरी बाळगावी : त्या दोन बिटांत डेटा०ची किंमत ० असली तरी डेटा१ची किंमत २ आहे, १ नव्हे, १ म्हणजे डेटा२. याशिवाय ०१०१ ही स्थिती आता मुकाट्याने गिळली जात नाही. ती दिसली की ड्राइव्हचा बल्क-ओन्ली रीसेट, मग दोन्ही एंडपॉइंटचा (माहिती येण्या-जाण्याच्या वाटांचा) हॉल्ट काढणे आणि दोन्ही टॉगल डेटा०वर आणणे, असा पूर्ण उपचार होतो. हा बदल केल्यापासून सगळ्यांत जास्त नॅक देणारा जुना ड्राइव्ह रात्रभर वाचत ठेवला तरी मागोव्यात ०१०१ एकदाही उमटलेली नाही.

यानंतर हब, आणि हबमागे लो-स्पीड कीबोर्ड, असा क्रम मी जाहीर केला होता. वरचा मजकूर लिहिताना मात्र तो बदलावा असे वाटू लागले आहे. नॅकचा हा सगळा कारभार मुळात प्रोसेसरच्या अंगावर येतो तो डीएमए नसल्यामुळे. याच चिपमधला ओटीजी-एचएस कोअर आतल्या फुल-स्पीड पीएचवायवर (तारेवरचे संकेत सांभाळणाऱ्या भागावर), पीबी१४ आणि पीबी१५ या पिनांवरून चालवता येतो. त्याला बारा चॅनल, चार किलोबाइट फिफो आणि स्वतःचा डीएमए आहे, आणि डीएमए चालू असताना बल्क इनच्या (ड्राइव्हवरून वाचनाच्या) नॅकनंतर पुन्हा विचारण्याचे काम कोअर स्वतः करतो. रजिस्टरांची मांडणी जवळजवळ तीच असल्यामुळे एचपीआरटी या पोर्टच्या रजिस्टरात वाचून परत लिहिताना पोर्ट बंद पाडणाऱ्या पीईएनए बिटाची काळजी, चॅनलचे वाटप, एन्युमरेशन (जोडलेल्या उपकरणाची ओळख पटवणे) हे सारे जसेच्या तसे नेता येईल. बफर मात्र मुख्य एसरॅममध्येच, चार बाइटांच्या सीमेवर ठेवावे लागतील; मागोवा सीसीएममध्येच राहील. म्हणून आता आधी ओटीजी-एचएस, मग हब. कीबोर्ड बागेत लागणारच नाही, त्यामुळे तो छाटणीनंतर.

सुट्या भागांविषयी एक सूचना. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ओटीजी केबलींपैकी काहींत आयडी पिन, जी पाहून चिप होस्ट व्हायचे की नाही हे ठरवते ती, ग्राउंडला जोडलेलीच नसते. मल्टिमीटरने तपासल्याशिवाय केबल घेऊ नये, किंवा जीयूएसबीसीएफजी रजिस्टरमधला एफएचएमओडी बिट लावून होस्ट मोड सक्तीचा करावा आणि बदल लागू होण्यासाठी २५ मिलिसेकंद थांबावे. इथल्या दुकानात केबल हातात घेऊन तपासू देतात, हा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून कुरियरने मागवण्यापेक्षा मोठा फायदा आहे. मायक्रो-एबी सॉकेटसारख्या गोष्टींसाठी मात्र मुंबईशिवाय मला अजून पर्याय मिळालेला नाही.

लेखनाची बाजू, म्हणजे बल्क आउट, अजून कसून तपासायची आहे, कारण ड्राइव्ह आतली जुनी जागा पुसत असताना वाचनापेक्षा कितीतरी जास्त वेळ नॅक देतो आणि लॉगरचे मुख्य काम लिहिण्याचेच आहे. आउटच्या नॅकनंतर फिफोत उरलेले पॅकेट कसे परत भरायचे, हा तिथला कळीचा भाग राहील. ओटीजी-एचएसचा डीएमए होस्ट मोडमध्ये कोणी चालवला असेल, तर एफएटी या फाइल-पद्धतीच्या सेक्टर बफरची मांडणी त्यांनी कशी ठेवली हे अवश्य कळवावे; फॅटएफएस ही तयार लायब्ररी देत असलेले पत्ते नेहमी चारच्या पटीत नसतात, आणि मधली प्रत टाळता आली तर मला ती टाळायची आहे.